तारीख मिळाल्यापासून टेबलावर जाईपर्यंत

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडल्यापासून ऑपरेशनच्या दिवसापर्यंत पुण्यासारख्या शहरातही दोन-तीन आठवडे सहज जातात. सीटी, पेट स्कॅन, आणखी एका डॉक्टरांचं मत, मेडिक्लेमची मंजुरी किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं, रेशनकार्डावरच्या नावातली चूक, रक्तदाते, पैशांची जुळवाजुळव. आधी केमो द्यायचं ठरलं तर हाच काळ काही महिन्यांचा होतो. घरातले सगळे पळत असतात. मुलगा फाइल घेऊन, सून डबे घेऊन, जावई फोन कानाला लावून. पळत नसतो तो एकच माणूस, ज्याचं ऑपरेशन आहे तो. त्याला पलंगावर निजवलेलं असतं. ‘तुम्ही आता काही करू नका, नुसता आराम करा,’ असं घरातला प्रत्येक जण आणि भेटायला आलेला प्रत्येक पाहुणा त्याला बजावून जातो.

हे पुस्तक त्या माणसाला पलंगावरून उठवण्यासाठी आहे. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेआधी शरीराची आणि मनाची जी तयारी करून घेतात तिला वैद्यकात प्रीहॅबिलिटेशन म्हणतात. बोलताना आम्ही नुसतं ‘प्रीहॅब’ म्हणतो. ऑपरेशननंतर काय करायचं हे आपल्याकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही पाठ असतं : टाके, पथ्य, जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. आधीचा काळ मात्र नुसता वाट बघण्याचा समजतात. माझं मत उलटं आहे. तो काळ रुग्णाचा आहे. उपचारातला जो भाग सर्जन करू शकत नाही, भूलतज्ज्ञ करू शकत नाही आणि पैसे भरूनही विकत मिळत नाही, तो याच दिवसांत रुग्णाने स्वतः करायचा असतो.

मी भूलतज्ज्ञ. फिटनेससाठी रुग्ण समोर बसतो तेव्हा ईसीजी, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट अशी जाडजूड फाइल टेबलावर असते. पण मला सगळ्यांत जास्त सांगून जाणारा प्रश्न फुकटचा आहे. दोन मजले न थांबता चढता का? बाणेर-बालेवाडीकडून बहुतेकदा ‘आमच्याकडे लिफ्ट आहे’ असं उत्तर येतं. पेठेतल्या जुन्या वाड्यातल्या आजी ‘रोज चारदा चढते की’ म्हणतात, आणि वय अठ्ठ्याहत्तर असलं तरी माझा जीव भांड्यात पडतो. मोठ्या ऑपरेशननंतर काही दिवस शरीराची प्राणवायूची भूक वाढलेली असते. जखम भरायची असते, जंतूंना तोंड द्यायचं असतं, आणि हा सगळा भार हृदय, फुप्फुसं आणि स्नायू यांच्यावर पडतो. दोन जिने चढणाऱ्याकडे त्यासाठी थोडी शिल्लक असते. दारापर्यंत जाताना धापा टाकणाऱ्याकडे ती नसते, मग सर्जन कितीही निष्णात असो.

आणि ही शिल्लक आराम केल्याने वाढत नाही, घटते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट वयस्कर माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं. ती माणसं निरोगी होती. ज्याला आधीच भूक नाही, ज्याच्या शरीरात गाठ आहे, त्याचं काय होत असेल याचा हिशेब वाचकानेच करावा. पुणं हे टेकडीवर जाणाऱ्यांचं गाव. तळजाई, हनुमान टेकडी, पर्वती, सारसबागेच्या फेऱ्या, त्यानंतरचा चहा. वीस-वीस वर्षं टेकडी न चुकवलेला माणूस बायोप्सीच्या रिपोर्टनंतर दुसऱ्याच दिवसापासून घरात बसवला जातो, तेव्हा मला खरोखर हताश व्हायला होतं. त्याला टेकडीची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती. ज्याला वारीला जायचंय तो पालखी निघायच्या आदल्या रात्री पायांना विश्रांती देऊन दिवे घाट चढायला निघत नाही, महिनाभर आधीपासून चालायला लागतो.

कल्पना तशी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात भरतीला आलेल्या पण शरीराने कमी पडणाऱ्या तरुणांना आधी पोटभर जेवण आणि व्यायाम देऊन तयार केलं जाई. त्याबद्दल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९४६ साली लिहून आलं आहे. रुग्णालयात तिचा जम बसायला मात्र अर्धशतक जावं लागलं. १९९०च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी ऑपरेशननंतर रुग्णाला लवकर खाऊ घालण्याचा आणि लवकर चालवण्याचा आग्रह धरला. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले भूलतज्ज्ञ फ्रान्चेस्को कार्ली यांनी त्याच्या एक पाऊल मागे जाऊन विचारलं, ऑपरेशनच्या आधीच का नाही? मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ७७ रुग्णांवरचा त्यांच्या चमूचा अभ्यास २०१४ साली आला. अर्ध्यांना साधारण चार आठवडे आधीपासून घरच्या घरी व्यायाम, प्रथिनांचा आहार आणि मन शांत करण्याचे उपाय सुचवले, अर्ध्यांना तेच सगळं ऑपरेशननंतर. मोजायचं साधन साधं होतं : सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो. आठ आठवड्यांनी पाहिलं तर आधी तयारी केलेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण आपल्या मूळच्या चालीवर परत आले होते, नंतर सुरुवात केलेल्यांपैकी ६२ टक्के.

पुढे २०२३ मध्ये युरोपातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली, २५१ रुग्णांची. तिच्यात तयारी केलेल्या गटात गंभीर गुंतागुंत १७ टक्क्यांना झाली, न केलेल्या गटात जवळजवळ ३० टक्क्यांना. पण आकडे एकाच बाजूचे सांगणं बरोबर नाही. खुद्द कार्लींच्याच चमूने २०२० साली अतिशय अशक्त, वृद्ध रुग्णांवरचा अभ्यास छापला, आणि त्यात पहिल्या तीस दिवसांतल्या गुंतागुंतीत काहीच फरक दिसला नव्हता. म्हणजे ही जादूची कांडी नाही. फार खंगलेल्या माणसाला चार आठवडे पुरतीलच असं नाही. मला त्यातून दिसतं ते इतकंच की तयारी जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी. ती रिपोर्टच्या दिवशी सुरू व्हावी, ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी नव्हे.

श्वासाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथला घोटाळा मी जवळजवळ रोज पाहतो. तीन नळ्या आणि त्यात तीन रंगीत चेंडू असलेलं प्लॅस्टिकचं एक यंत्र असतं, स्पायरोमीटर. मेडिकलच्या दुकानात काही शे रुपयांना मिळतं. ऑपरेशनच्या यादीत ते लिहून दिलेलं असतं, नातेवाईक आणतात, आणि ते खोक्यासकट कपाटावर जाऊन बसतं. ऑपरेशन झाल्यावर पोटाला टाके, नाकात नळी, अंगात ग्लानी अशा अवस्थेत ते पहिल्यांदा रुग्णाच्या तोंडाला लागतं. रुग्ण जोर लावून त्यात फुंकतो. चेंडू हलत नाहीत. तो आणखी जोरात फुंकतो, खोकला येतो, टाके दुखतात, यंत्र परत कपाटावर. अहो, त्यात फुंकायचं नसतंच, ओढायचं असतं. हवा सावकाश आत ओढली की चेंडू एकेक करून वर जातात, आणि ते वर धरून ठेवायचे असतात. फुप्फुसांचे खालचे कोपरे त्याने उघडतात. हेच शिक्षण पोट दुखत नसताना, घरच्या खुर्चीत ताठ बसून, आठ-पंधरा दिवस आधी झालं तर हात आणि छाती दोन्ही सरावतात.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ४४१ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१८ साली आली. पोटाच्या वरच्या भागाच्या मोठ्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने एकदाच, अर्धा तास, रुग्णाला समोर बसवून समजावलं की नंतर न्यूमोनिया का होतो आणि शुद्धीवर आल्या आल्या दीर्घ श्वास कसे घ्यायचे. बस, एवढंच. छातीच्या तक्रारी २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आल्या. अर्ध्या तासाच्या बोलण्याने! इतकं स्वस्त औषध मला माझ्या सगळ्या कारकिर्दीत दुसरं भेटलेलं नाही, आणि अर्धा तास बोलायला कोणाला वेळ नसतो म्हणून ते सगळ्यांत कमी दिलं जातं. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४पासून श्वास आणि आसनं यांना यंत्रं लावून मोजमाप सुरू केलं. ती परंपरा तासाभराच्या अंतरावर असलेल्या या जिल्ह्यात दीर्घ श्वास शिकवायला माणसं मिळत नाहीत असं कोणी म्हणू नये. फिजिओथेरपीची कॉलेजंही इथे कमी नाहीत.

आहाराचा विषय निघाला की आपल्या घरांत भावना मध्ये येतात. आजारी माणसाला हलकं द्यायचं, हा आपला संस्कार. मऊ भात, पेज, साबुदाण्याची लापशी, मोसंबीचा रस, शहाळं. या सगळ्यात पाणी आणि पिष्ट भरपूर; जखम भरायला लागतात ती प्रथिनं जवळजवळ नाहीतच. ऑपरेशनआधीच्या काळात किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं रोज मिळावीत अशी साधारण अपेक्षा असते. साठ किलोच्या माणसाला पाऊणशे ते नव्वद ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सात-आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमही नाही. आता यात नवस घाला. गाठ निघाली की घरातली बाई स्वतःच मंगळवार धरते, संकष्टी धरते, श्रावण असेल तर सोमवार आहेतच. आठवड्यातले दोन-तीन दिवस साबुदाणा आणि वरीवर जातात. श्रद्धेशी वाद घालायचं मला कारण नाही. मी एवढंच म्हणतो की यंदा उपास नवऱ्याने किंवा मुलाने धरावेत, आणि आईने सकाळी दोन अंडी, ती चालत नसतील तर पनीर, दही, दाण्याचा लाडू, सोयाबीनच्या वड्यांची भाजी असं खावं. देव हिशेब समजून घेईल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. दूध आणि साखर तोडली की कॅन्सर उपाशी मरतो, असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरत असतात. उपाशी मरतो तो रुग्ण.

रक्ताचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे कॅन्सर नसतानाच निम्म्याहून अधिक. हिमोग्लोबिन आठवर घेऊन आलेल्या बाईला आदल्या रात्री दोन बाटल्या रक्त चढवणं हा नाइलाज आहे, उपचार नव्हे. तीन आठवडे हातात असले तर शिरेतून लोह देऊन पुष्कळ भर काढता येते. डॉक्टरांना हे विचारायला हवं, कारण गर्दीच्या ओपीडीत ते आपणहून निघेलच असं नाही.

तंबाखूबद्दल विचारताना मी आता दोन प्रश्न विचारतो. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मावळ-मुळशीकडच्या, शिरूर-दौंडकडच्या कितीतरी मावश्या ‘नाही हो, शिव शिव’ म्हणतात. मग ‘मिश्री?’ असं विचारलं की, ‘ती लावते ना सकाळ-संध्याकाळ, दात साफ व्हायला.’ मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यांच्या हिशेबात ती तंबाखूत धरलेलीच नसते. विडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी सुटली तर छाती आणि जखम दोन्ही त्याचा गुण दाखवतात. त्याहून कमी वेळ असला तरी सोडलेलीच बरी. धाक घालून व्यसन सुटत नाही, त्याला सोबत लागते, हे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून या शहराला दाखवून दिलेलं आहे. तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण असेल तर आणखी एक काम. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का ते पाहायचं. गुटखा-सुपारीने जबडा आखडलेला असतो, दीड बोट जेमतेम जातं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दर दोन-चार दिवसांनी एक वाढवायची, असा व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. सगळ्यांचं तोंड त्याने उघडतं असं नाही, पण भूल देताना नळी घालणाऱ्याला आणि नंतर गिळायला शिकणाऱ्या रुग्णाला एकेक मिलिमीटर मोलाचा असतो.

आता मनाकडे वळतो. या पुस्तकातला सगळ्यांत अवघड भाग तो आहे, आणि आपल्याकडे तो बहुतेकदा सुरूच होत नाही.

रुग्ण आत यायच्या आधी मुलगा दार लोटून डोकावतो आणि हळूच सांगतो, ‘डॉक्टर, आईला कॅन्सर म्हणून सांगितलेलं नाही, नुसती गाठ आहे म्हटलंय. तुम्हीही बोलू नका.’ ज्या इमारतीच्या फाटकावर हातभर अक्षरात ‘कॅन्सर’ लिहिलंय तिथून ती माउली आत आलेली असते. मुलाचं प्रेम खोटं नसतं. पण ज्या बाईला आजाराचं नाव माहीत नाही ती रोज अर्धा तास दमेपर्यंत कशासाठी चालेल? उपास का सोडेल, मिश्री का सोडेल? ‘नुसती गाठ’ काढायला इतका खटाटोप कोण करतं? न सांगितल्याने घरच्यांना हलकं वाटतं, आणि रुग्ण मात्र तयारीविना टेबलावर जातो.

एक उदाहरण पुरे आहे. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये काही वेळा पोटावर शौचाची वाट काढून तिथे पिशवी लावावी लागते, तात्पुरती किंवा कायमची. ती नेमकी कुठे यावी याची खूण शाईने आदल्या दिवशी करतात. त्यासाठी रुग्णाला उभं करायचं, बसवायचं, वाकवायचं. पोटाच्या वळ्या कुठे पडतात ते बघायचं. परकराची नाडी कुठे बांधता, पट्टा कुठे येतो, धोतर नेसता का, हे विचारायचं. नाडीखाली पिशवी आली तर ती रोज गळणार. स्वतःची पिशवी स्वतःच्या डोळ्यांना दिसेल अशा जागी हवी. आता ज्याला पिशवीचं काहीच सांगितलेलं नाही त्याच्या पोटावर खूण कोण आणि कशी करणार? तो शुद्धीवर येतो, पांघरूण सारतो, आणि पोटाला चिकटलेली पिशवी बघतो. त्या क्षणी डॉक्टरांवरचा आणि मुलांवरचा असा दोन्ही विश्वास जातो. पुढचे काही दिवस तो जेवत नाही, उठत नाही, कोणाशी बोलत नाही, आणि आम्ही फाइलवर ‘सहकार्य करत नाही’ असं लिहून मोकळे होतो.

याउलट सांगितल्याने काय होतं? बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एग्बर्ट नावाच्या भूलतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ रुग्णांवर एक प्रयोग केला. तो १९६४ साली छापून आला. काही रुग्णांना आदल्या रात्री भेटून नीट सांगितलं : दुखेल, अमुक ठिकाणी दुखेल, ते दुखणं अपेक्षित आहे, कुशीवर वळताना पोट असं धरा, श्वास असा घ्या, फार झालं तर औषध मागा. बाकीच्यांना दुखण्याबद्दल काही सांगितलं नाही. सांगितलेल्यांना वेदनाशामक मॉर्फीन जवळजवळ निम्मंच लागलं, आणि ते सरासरी पावणेतीन दिवस आधी घरी गेले. सर्जनला कोण कुठल्या गटात आहे ते ठाऊक नव्हतं. साठ वर्षं होऊन गेली या गोष्टीला. भूलशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने हा लेख वाचलेला असतो, आणि वाचून पुढच्या केसकडे वळलेला असतो.

पुण्यात मनाच्या बाजूने मदत करणाऱ्या जागा नाहीत असं नाही. वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून विनामूल्य काम करतंय. त्याचं नाव काढलं की नातेवाईक दचकतात, ‘म्हणजे सगळं संपलं का?’ तसं नसतं. वेदना, झोप, भीती, घरातले ताण यांच्यावरची मदत उपचार चालू असतानाही घेता येते, आणि लवकर घेतलेली चांगली. समुपदेशकाकडे जाणं हा वेडेपणाचा दाखला नाही, हे एकविसाव्या शतकात, विद्येच्या माहेरघरात, पुन्हा लिहावं लागतंय.

या तयारीचा एक गैरवापर होऊ शकतो, तो आधीच सांगून ठेवतो. ‘आधी ताकद येऊ दे, मग ऑपरेशन बघू’ असं म्हणत तारीख पुढे ढकलू नका. उपचारातला चार आठवड्यांचा उशीरसुद्धा जिवाचा धोका वाढवतो, हे २०२० साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलं आहे. शस्त्रक्रियेच्या बाबतीत ती वाढ साधारण सहा ते आठ टक्क्यांची निघाली. प्रीहॅब उपलब्ध दिवसांत करायचं असतं, दिवस मागून घेऊन नाही. आणि हाडात आजार पसरलेला असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना न विचारता टेकडी चढू नका. दुसरी भीती धंद्याची. उद्या ‘प्रीहॅब पॅकेज’ नावाने चकचकीत पत्रकं निघतील, त्यात महागडे डबे आणि यंत्रं असतील. त्यातलं बहुतेक काही लागत नाही. चप्पल, खुर्ची, जिना, डाळ-अंडी आणि समजावून सांगणारं एक माणूस, एवढ्यावर हे काम होतं. शेवटचं सोडून बाकी सगळं घरात असतं. खरी अडचण तिथेच आहे : सोलापूर-बीडकडून एसटीने आलेला रुग्ण पुन्हा पुन्हा फिजिओथेरपीला येऊ शकत नाही, आणि सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरकडे माणशी पाच मिनिटंही नसतात. त्यांच्यासाठी आठवड्याला एक फोन करणारी नर्स किंवा समाजसेविका नेमली तर कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा जास्त उपयोग होईल. रुग्णालयं चालवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पुस्तकातली प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. ज्याचं ऑपरेशन दहा दिवसांवर आलंय त्याने श्वासाचं प्रकरण आधी वाचावं आणि स्पायरोमीटर आजच खोक्यातून बाहेर काढावा. उपाशी राहण्याच्या सूचनांचं पान फ्रिजवर लावा. ‘रात्री बारानंतर थेंबभर पाणीही नाही’ हा नियम आता सरसकट लागू नाही. हलकं खाणं सहा तास आणि नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतं, पण अन्ननलिकेत किंवा आतड्यात अडथळा असणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, म्हणून तुमच्या भूलतज्ज्ञाकडून तुमच्यापुरतं विचारून घ्या. घेत असलेली सगळी औषधं, काढे, चूर्णंसुद्धा, त्याला दाखवा.

आणि नातेवाइकांना एक विनंती. हे पुस्तक तुम्ही आणलं असेल, तुम्हीच आधी चाळत असाल. प्रस्तावना संपली की ते ज्यांचं ऑपरेशन आहे त्यांच्या हातात द्या. आजाराचं नाव त्यांना अजून सांगितलेलं नसेल तर ते आजच, शक्य असेल तर डॉक्टरांना सोबत घेऊन, सांगा.